बेचाळीस अंशांत हीटर

बाईंनी हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवली आणि पंखाही पूर्ण सोडला. पायांवर, गुडघ्यांवर, हनुवटीवर गरम हवेचा लोट येऊन आदळला. बाहेर बेचाळीस अंश होतं. आत किती झालं असेल, ते मोजायची इच्छा दोघांपैकी कुणालाच नव्हती.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" शेजारी बसलेले त्यांचे यजमान, सर, ओरडले. "भर उन्हाळ्यात हीटर?"

"इंजिन तापलंय. त्याची उष्णता कुणीतरी घ्यायला नको? आपण घेऊ."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"व्हॅननं. आणि हात आत घ्या, खिडकीबाहेर लोंबतोय."

सरांनी हात आत घेतला. उजवा पाय मात्र त्यांना आवरेना. प्रत्येक वळणावर तो पाय पुढच्या पत्र्यावर, तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.

बाई अठरा वर्षं शाळेची व्हॅन चालवत होत्या. वीस मुलं, वीस दप्तरं, एखादी उलटी, आणि उन्हाळा आला की हमखास तापणारं इंजिन. पण सरांच्या लेखी व्हॅन ही गाडी नव्हतीच. गाडी म्हणजे ही. जाड पत्र्याची, गोल दिव्यांची, सरांना शिक्षकाची नोकरी लागली त्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडलेली. आज सकाळपर्यंत बाईंनी तिच्या स्टिअरिंगला हात लावला होता तो फक्त धूळ पुसायला.

हिवाळ्यात सरांच्या डोळ्यांपुढे मधोमध एक राखाडी डाग आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून सर रोज सकाळी खाली जात, गाडी पुसत, चालू करून अर्धा तास नुसते ऐकत बसत. वर येत ते जरा ताठ मानेनं. उरलेला दिवस ते त्या अर्ध्या तासावर काढतात, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि तीच गाडी ते पणाला लावून बसले होते.

दर रविवारी पेट्रोल पंपापाशी आणि वर्षातून एकदा उन्हाळ्याच्या फेरीला गाड्या घेऊन जमणारी मंडळी म्हणजे एकेक नमुना. वकिलांच्या मते एसीशिवाय गाडी म्हणजे भट्टी. मायलेज नावाचा एक जण होता, तो कुणाच्या बारशालाही लिटरमागे किती देते एवढंच विचारायचा. आणि दातांचे डॉक्टर, ज्यांचा सरांच्या गाडीवर कधीपासूनचा डोळा.

"सर, उभी ठेवून गंजवताय तिला. मला द्या."

"उन्हाळ्याच्या फेरीत टेकडी चढली नाही, तर खुशाल ने," सर तावातावानं म्हणाले.

"चालवणार कोण पण?"

यावर सगळेच चहाच्या कपात बघू लागले म्हणे. सरांनी घरी येऊन हे हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "मी," म्हणाल्या.

आज निघताना बाईंनी व्हॅनमधली उशी आणली. गणवेशाच्या उरलेल्या कापडाची, निळी-पांढरी, मधे चेपलेली. तिच्याशिवाय त्यांचे पाय पोचत नसत. सरांनी ती उचलून डिकीत टाकली. "या गाडीत असली थेरं नकोत." बाईंनी डिकी उघडून उशी परत आणली आणि पाठीशी ठेवली.

शेवटून दुसऱ्या वळणावर डॉक्टरांची गाडी दिसली. बॉनेट उघडं, धुराचा नव्हे वाफेचा लोट, आणि डॉक्टर हातात फडकं घेऊन रेडिएटरवर वाकलेले.

"डॉक्टर! झाकणाला हात लावू नका! अर्धा तास थांबा!" बाई खिडकीतून ओरडल्या.

"वहिनी, तुम्हीही थांबा! तुमचीही तापली असेल!"

"तापलीय! म्हणूनच थांबत नाही!"

वळण मागे पडलं. चढ आणखी अंगावर आला.

"तापमानाचा काटा कुठाय?" सरांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांना तिथे फक्त डाग दिसत होता.

बाईंना सहज खोटं बोलता आलं असतं. "लाल रेषेला टेकलाय," त्या म्हणाल्या.

सर अगदी हळू म्हणाले, "बंद कर. मारू नकोस तिला. नेऊ दे त्याला, निदान चालती तरी राहील."

"काटा मी बघते. तुम्ही आवाज ऐका. काय म्हणतेय ती?"

"अगं पण—"

"ऐका हो!"

सरांनी डोळे मिटले. घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. मान किंचित कलली, रोज सकाळी कलायची तशी.

"ओढतेय," ते म्हणाले. "दमलेली नाही. दुसऱ्या गिअरातच ठेव. पाय जरा हलका... अजून. हां. हां!"

काटा रेषेवर थांबला. मग, जणू त्याला दुसरं काहीतरी आठवलं, तसा केसभर मागे आला. आणखी केसभर.

"उतरतोय," बाई म्हणाल्या.

पुढच्या वळणावर बाईंनी ओझरतं पाहिलं. सरांचा उजवा पाय जागच्या जागी स्वस्थ होता.

माथ्यावर आधीच पोचलेले वकील हात वर करून नाचायला लागले. मायलेजनं हॉर्नवर हात दिला तो काढेचना. दोघं उतरले तेव्हा नखशिखांत भिजलेले होते, नदीतून बाहेर आल्यासारखे. बाईंनी अख्खी बाटली डोक्यावर ओतून घेतली आणि मोठ्यानं हसल्या. असं हसणं सरांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

तासाभरानं डॉक्टर दुसऱ्याच्या गाडीतून आले. आल्या आल्या त्यांनी बाईंना हात जोडले.

"वहिनी, मानलं! एसी लावून मी बसलो रस्त्यात आणि तुम्ही हीटर लावून वर!" मग सरांकडे वळून, थोडं चाचरत, "सर, गाडीचं मग... कधी विचार बदललाच तर..."

सर बॉनेटपाशी उभे होते. घामानं ओली झालेली उशी त्यांनी तापल्या पत्र्यावर पसरली होती आणि तळहातानं तिच्या सुरकुत्या काढत होते.

"जरा बाजूला हो," ते म्हणाले. "सावली पडतेय हिच्यावर."

वाळल्यावर त्यांनी उशी दोनदा झटकली, चाचपत उजवं दार उघडलं आणि चालकाच्या सीटला नीट टेकवून ठेवली. मग गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसले, पट्टा लावला आणि खिडकीबाहेरचा हात आपणहून आत घेतला.