उवांचं निमित्त

"म्हातारीला उवा झाल्यात," असं मी ऑफिसात सांगितलं आणि कपाटातली कातर घेतली.

उवा कसल्या डोंबलाच्या! सुनयनाबाईंच्या त्या पांढऱ्याशुभ्र, कमरेपर्यंतच्या केसांतून मीच तर रोज फणी फिरवते. घणसोली गावातल्या या वृद्धाश्रमात मी आया आहे आणि त्या माझ्या वॉर्डातल्या, सगळं विसरून बसलेल्या. एके काळी त्या बालिकाश्रमाच्या मोठ्या बाई होत्या आणि मी तिथली पोर. बाप खाडीत बुडाला, आईला आम्हा भावंडांना पोसणं झेपेना, म्हणून करावे गावातून तिने मला तिथे नेऊन सोडलं. उलट बोलणाऱ्या पोरीलाच तेवढ्या उवा होतात, हे मला तिथे कळलं. डोकं भादरून झालं की हात जोडून म्हणायचं, "उपकार झाले, बाई." नाही म्हटलं तर जेवण बंद.

नारळी पौर्णिमेला आई मला न्यायला आली, तेव्हा माझ्या डोक्यावर बोटभरही केस नव्हते. तिने मोगऱ्याची वेणी आणली होती. माझ्याकडे पाहून तिने ती गुपचूप पदराखाली लपवली. हे मी मेल्यावरही विसरणार नाही.

परवा अबोली मॅडम आम्हा आयांना समुपदेशनाचं काहीबाही शिकवायला आल्या होत्या. मी त्यांना बालिकाश्रमातलं सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "माणूस वाईट नसतो हो सगुणाताई, जागा त्याला तसं करते. दोन बायकांच्या गळ्यात साठ मुली बांधल्या, वर झोप नाही, सुट्टी नाही, विचारणारं कोणी नाही, की हात उठतोच. आणि काही जण घरूनच मार खाऊन आलेले असतात."

"जागेला हात हायेत का, मॅडम? कातर कोनाच्या हातान व्हती?"

मॅडम म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे. आणि चहा प्यायला गेल्या.

तर आज बाईंना व्हरांड्यातल्या स्टुलावर बसवलं. बाजूच्या बाकावर माझ्याच वॉर्डातल्या मीनाआजी ऊन खात होत्या.

"मना वलखलं का, बाई?" मी विचारलं. माझं नाव नुसतं एकदा घेतलं असतं, तर मी कातर ठेवून दिली असती, देवाशपथ.

"नवीन आहेस का गं तू?" बाई गोड हसल्या. "वेणी घालतेस?"

वेणी! माझं डोकंच फिरलं. पहिला झुपका कापला तो मुळापासून. बाई रडतील, हातापाया पडतील, याची मी जन्मभर वाट पाहिली होती. त्या हलल्यासुद्धा नाहीत. मान खाली घालून मांडीवर पडणारे केस गोळा करत राहिल्या. शेवटची बट पडली तसे त्यांनी हात जोडले.

"उपकार झाले, बाई."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या तोंडून ओरबाडून घेतलेले शब्द ही बया मलाच ऐकवत होती! "गप बस!" मी ओरडले.

आपली पाळी आल्यासारख्या मीनाआजी बाकावरून उठल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी अंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या, केस मोकळे सोडले आणि स्टूल रिकामं व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या.