कडूबाच्या छातीतली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी पेशी आहे. मुक्काम हसनाबाद, राहणार कडूबाची छाती. कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हीच माझी नोकरी. हसू नका. तुम्ही ताप येऊन बरे होता ना, ते माझ्यासारख्या संशयी पेशींमुळेच.

माझा जन्म कडूबाच्या कमरेच्या हाडातला. रक्तातून थोडी भटकले, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका नळीच्या भिंतीतून हाक आली म्हणून आत शिरले. बघते तर काय, चरबीचे बारीक बारीक गोळे दडून बसलेले! डॉक्टर त्यांना एलडीएल म्हणतात. खरं तर ते हमाल. पेशींना कोलेस्टेरॉल पोचवायचं आणि आपल्या वाटेने जायचं. पण रक्तात त्यांची गर्दी झाली की काही जण भिंतीत घुसतात, तिथेच अडकतात आणि खवट होतात. असला खवट गोळा दिसला की माझं डोकं फिरतं. एक गिळला, दुसरा गिळला. पोट फुगलं तरी थांबता येईना. गिळता गिळता मी बोंब ठोकली, "चोर! चोर!" ती ऐकून आणखी पेशी धावत आल्या. त्यांनीही गिळलं, त्याही बोंबलल्या. बघता बघता भिंत सुजली आणि नळी अरुंद झाली. तुम्ही म्हणाल, मग दोष तुझाच. असेल! पण घरात रोज परके घुसले तर तुम्ही काय ओवाळत बसाल?

कडूबा अंगाने अगदी वाळका. अशा माणसाला कसली आलीय चरबी, असं गाव म्हणायचं. उन्हाळ्यात त्याला छातीत जड वाटलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी लिहून दिली. ती रक्तात आली की यकृत हमालांना परत ओढून घेतं आणि माझा जीव जरा भांड्यात पडतो. पण गोळी कधी यायची, कधी यायचीच नाही. मला तेव्हाच शंका आली. मग एकदा त्याचाच आवाज छातीत घुमला, "वशाट खाल्लं त्या दिवशी गोळी. आज पिठलं-भाकर हाये, मंग कशाला वाया घालू?" घ्या! गोळी म्हणजे याच्या मते मटणावरचा उतारा.

श्रावण लागला. घरात वशाट बिलकुल बंद, म्हणून गोळीही बंद. आणि इकडे माझ्या दारात हमालांची ही झुंबड! यकृत श्रावण पाळत नाही, मित्रांनो. कोलेस्टेरॉल ते स्वतःच बनवतं. आम्ही गिळत राहिलो, बोंबलत राहिलो आणि आमच्या आणि रक्ताच्या मधलं भिंतीचं झाकण पातळ होत गेलं. मला फार भीती वाटत होती.

पोळ्याच्या दिवशी बैल धुताना ते झाकण फाटलं. त्यावर रक्ताची गाठ धरली आणि नळी तुंबली. कडूबा घामाने निथळत ओट्यावर बसला.

"पुरण बाधलं," तो बायकोला म्हणाला. "जल्दी सोडा आण."

दुर्गाबाई जागची हलली नाही. "पुरण तर अजून चुलीवर हाये. निवद बी दाखवला न्हाई. तुम्ही खाल्लं कवा?"

कडूबाने घाम पुसला.

"गोळी तरी खाऊन राह्यले ना रोज?"

"श्रावणात कशाला?"

तिने सोडा आणला नाही. शेजारच्या राधेश्यामला हाक मारली, कडूबाला जीपमध्ये घातलं आणि थेट दवाखाना गाठला. सुईने गाठ विरघळली. आणखी उशीर झाला असता तर कडूबाही संपला असता आणि मीही.

तेव्हापासून जेवण झालं की दुर्गाबाई त्याच्यासमोर उभी राहते. "आ करा. जीभ उचला." गोळी रोज येते. हमालांची गर्दी ओसरत चालली आहे. माझी बोंबही जरा कमी झाली आहे, पण भिंत अजून नाजूकच आहे.

परवा दुर्गाबाई लेकीकडे, दीपमालाकडे जालन्याला गेली. संध्याकाळी फोन वाजला.

"गोळी घेतली का?"

"घेतली की, कवाच."

खोटारडा! मी वाट बघत होते, काही आलं नव्हतं. मी इथून कितीही ओरडले तरी फोनमध्ये कसं जाणार?

तिकडून दुर्गाबाईचा आवाज आला, "व्हिडिओ लावा. गोळ्यांचं पाकीट दाखवा."

"अगं, घेतली म्हनलं ना!"

"मंग दाखवायला काय जातंय?"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची अशी रोजची गोळी असेल, तर दुर्गाबाईएवढे संशयी व्हा. माणूस खडखडीत दिसतो, तरी आत काय चाललंय ते मलाच माहीत.

पाकीट करकरलं. पाण्याचा घोट खाली उतरला.

"आ करा," दुर्गाबाई म्हणाली.

त्याने आ केला. तिचं समाधान झालं असावं. मी मात्र गोळी रक्तात उतरेपर्यंत विश्वास ठेवला नाही.