अर्धा गुण

"अर्धा गुण परत द्या," असं एकाने माझ्या साइटवर लिहिलंय. खरं नाव नाही, गाव नाही, टोपणनाव 'बासवाला ४७'. पुढे लिहितो, "लायल, काळ्या हेडफोनला तुम्ही आवाजाच्या रकान्यात साडेनऊ दिलेत आणि अर्धा गुण डाव्या कानातल्या 'टप्प' आवाजासाठी कापलात. तो दोष नाही हो. घरात कोणी दार आपटलं, जमिनीवर पाय आपटला, की हेडफोन तो बाहेरचा दणका दाबायला जातो आणि त्या गडबडीत टप्प करतो. माझ्याकडेही होतं. त्या वेळी तुमच्या डोक्यावर कोणीतरी ठोकत असणार. अर्धा गुण परत द्या."

खाली एकोणीस जणांनी अंगठे दिलेत.

हे मी मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचलं. माझ्या बायकोला, डॉरीनला, पुरून आठ दिवस झाले होते. परीक्षण मी लावून ठेवलेल्या वेळेला आपोआप चढलं होतं, नेमकं चर्चमध्ये तिची पेटी आत आणत होते तेव्हा. मला आठवणही नव्हती. वाचलं आणि हातातली कॉफी तशीच राहिली. पाच-सहा वेळा वाचलं असेल. 'तुमच्या डोक्यावर कोणीतरी ठोकत असणार.' मेल्या, तुझ्या तोंडात किडे पडोत, असं म्हणालो, आणि लगेच वाटलं की त्याचं काय चुकलं?

माझ्या कामाला लोक हसतात. डॉरीनही हसायची. तीस वर्षं मी इथल्या इंजिनांच्या कारखान्यात, चाचणीच्या शेडमध्ये, कानांवर जाड टोप्या चढवून काढली, म्हणून कान शाबूत राहिले. निवृत्त झाल्यावर तळघरात आरामखुर्ची टाकली आणि हेडफोन तपासायला लागलो. कंपन्या नमुना पाठवतात, मी ऐकतो, लिहितो, खोकं परत करतो. फुकटचं काही ठेवून घेत नाही. दर वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी चार हेडफोन समोरासमोर ठेवतो, कारण त्यानंतर लोक खरेदीला वेड्यासारखे सुटतात. चार रकाने: आराम, रूप, आवाज, आणि पैशाचं मोल. प्रत्येकाला दहापैकी गुण.

यंदाचा निळा दिसायला असा, की नवरीने घालून मिरवावा, पण अर्ध्या तासात कानाच्या पाळ्या भाजून निघतात. करडा म्हणजे चष्मेवाल्यांचा जन्माचा वैरी. पांढरा औषधांच्या दुकानात तीस डॉलरला मिळतो, कानामागून आला आणि तिखट झाला म्हणावं असा. गाणं झकास वाजवतो, पण बाहेरचा सगळा कलकलाट आत घेतो. आणि काळा. चारशे डॉलरचा काळा. त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं, 'हे घाला, मग वर घर कोसळलं तरी तुम्हाला कळणार नाही.' स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

आरामाची परीक्षा म्हणजे दोन तास सलग. मध्ये काढायचे नाहीत, खुर्चीतून उठायचं नाही. उठलो की पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे परीक्षक दहा मिनिटं घालून 'ढगासारखे मऊ' लिहून मोकळे होतात, त्यांच्या नानाची टांग. मला ते जमत नाही. डॉरीन म्हणायची, "बसला बघा डोक्यावर टोपलं घालून. अंडी कधी देणार?"

मला जेवायला बोलवायची तिची एक रीत होती. तळघराच्या बरोबर वर स्वयंपाकघर, आणि माझ्या खुर्चीच्या वर थोडं डावीकडे भांडी घासायचं सिंक. तिथे उभी राहून ती टाच आपटायची. तीनदा. "तुझ्या टाळक्यावर नाचल्याशिवाय तुला भूक लागत नाही," म्हणायची. पण परीक्षेच्या दोन तासांत टाच बंद. सहा-सात वर्षांपूर्वी एकदा, दोन तास भरायला दहाच मिनिटं उरलेली असताना, बहिणीचा फोन आला म्हणून तिने ठोकलं होतं. मी तणतणत वर गेलो. काय काय बोललो! "घर पेटलं तरच ठोकत जा," असंही बोललो. ती नुसती फोन हातात धरून उभी राहिली. त्यानंतर परीक्षा चालू असताना तिने एकदाही ठोकलं नाही. त्यामुळे त्या शनिवारी, ठोकणं हा विचारच माझ्या डोक्याला शिवला नाही.

त्या शनिवारी दुपारी अडीचला मी काळा हेडफोन चढवला. साडेचारला, दोन तास पुरे करून, कॉफी घ्यायला वर आलो. डॉरीन सिंकपाशी पडलेली होती. डोळे उघडे, उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं. डाव्या पायातली चप्पल फ्रिजखाली जाऊन पडलेली. फोन टेबलावर चार्जिंगला. दोन दिवसांनी इस्पितळातच तिने प्राण सोडला. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, त्यांनी एकदाच सांगितलं आणि परत सांगितलं नाही: पहिल्या तासात आणलं असतं तर बरीच आशा होती.

तिच्या डाव्या टाचेवर निळा-काळा डाग होता. मोजे चढवताना मार्गोने पाहिला. मार्गो आमची मुलगी, पिट्सबर्गला शाळेत शिकवते. ती म्हणाली, "पडताना लागलं असेल." मीही म्हणालो, हो, पडतानाच लागलं असेल.

आता बासवाल्याचं वाचल्यावर मी तळघरात जाऊन वही काढली. परीक्षेत मी वेळ घालून टिपणं करतो, जुनी कारखान्यातली सवय, आणि दोन तास संपायच्या आत खुर्चीतच परीक्षण लिहून, गुण भरून, चढायची वेळ लावून टाकतो. त्या दिवशीचं पान असं:

'२:४५. चेलोचा संथ तुकडा. डावीकडे टप्प. चार वेळा, सारख्या अंतराने. मागे घेऊन पुन्हा ऐकलं: टप्प आहे, पण दुसऱ्या जागी. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये नाही, हेडफोनमध्ये आहे. जोडणी कच्ची? ३:०५. तिसऱ्यांदा ऐकलं: स्वच्छ. दोष अधूनमधून येतो. अर्धा गुण कापणे.'

मी खुर्चीत बसलो. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो फार सोपा होता. तो टप्प यंत्राचा होता की डॉरीनचा? यंत्राचा असेल तर मला काही ऐकू आलं नव्हतं आणि मी कसाबसा जगू शकेन. डॉरीनचा असेल तर मला ऐकू आलं होतं. नुसतं ऐकू आलं नव्हतं, मी ते लिहून घेतलं होतं आणि त्याचे गुण कापले होते.

चर्चमधल्या बायकांनी आम्हाला जेवण पाठवलं होतं, त्यांची रिकामी भांडी पोचवून मार्गो दुपारी आली. बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाली, "अजून तळघरातच? डॅड, खाल्लंस का काही?"

मी म्हणालो, "मला एक करून पाहायचंय. तू वर ठोक, मी खाली काळा घालून बसतो. ऐकू येतं का बघायचं."

ती खाली बसलीच. "वेड लागलंय का तुला? हे कशाला उकरतोस? तुला ऐकू येणं शक्यच नव्हतं, तूच तसं लिहिलंयस. सगळ्या जगाला सांगत फिरतोस की घर पडलं तरी कळणार नाही म्हणून."

"लिहिणं वेगळं गं."

"आठ दिवस झोपला नाहीस. रात्रभर जिन्यावर तुझी पावलं वाजतात. आई गेली, आता तुलाही घालवून बसू का मी?" तिचा आवाज चिरकला. मग नाक पुसून म्हणाली, "ठीक आहे. एकदाच. ऐकू आलं नाही की हा विषय बंद, आणि ते खोकं उद्या पोस्टात. कबूल?"

"कबूल."

मी तिला वही दाखवली नाही. बासवाल्याचंही सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "आधी पंधरा मिनिटं अजिबात हलू नकोस. नळसुद्धा सोडू नकोस. मी फोनवर 'आता' पाठवला की सुरू कर."

"पंधरा मिनिटं कशाला?"

"पद्धत असते."

"तुझ्या पद्धतींना काय लागलंय!" असं करवादत ती वर गेली.

काळा चढवला. काय सांगू, काय आराम आहे त्याला! उशीत कान ठेवल्यासारखं. तोच चेलो लावला, आवाज त्या दिवशी होता तेवढाच ठेवला, आणि वाट पाहायला लागलो. आता टप्प होऊ दे. वर कोणी हलत नाहीये, आता झालं तर तो यंत्राचा दोष. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागत होतो की माल खराब निघू दे. जोडणी कच्ची असू दे. एकदा होऊ दे, फक्त एकदा, मी त्या कंपनीचे पाय धरेन. तुकडा संपला. पुन्हा लावला. पंधराची वीस मिनिटं केली, लबाडी केली स्वतःशीच. चेलो स्वच्छ वाजत राहिला. एवढा स्वच्छ आवाज मी बारा वर्षांत ऐकलेला नव्हता.

शेवटी 'आता' पाठवला.

टप्प.

डाव्या कानात. मग पुन्हा, टप्प. आणि पुन्हा. तोच, तस्साच, ज्याच्यापुढे मी 'जोडणी कच्ची?' असं लिहिलं होतं. हात कानांकडे गेले आणि तिथेच थांबले, काढवेनात. टप्प, टप्प. त्या शनिवारी ती वर पडली होती, जीभ गेली होती, हात गेला होता, जे एक पाऊल उरलं होतं त्याची टाच ती आपटत होती. परीक्षा चालू आहे हे तिला ठाऊक होतं. घर पेटलं तरच ठोक, हेही तिला ठाऊक होतं, म्हणून ठोकत होती. पावणेतीनपासून. आणि मी खाली बसून मागे घेऊन ऐकत होतो, आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे की यंत्रात. वीस मिनिटं ती ठोकत होती, वीस! तिसऱ्यांदा ऐकलं: स्वच्छ. तेव्हा ती थांबली होती. आणि मी 'स्वच्छ' खाली रेघ ओढली होती, कारण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मार्गो जिन्यात येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. मी हेडफोन काढला.

"सिंकपाशी आडवी झाले होते मी," ती धापा टाकत म्हणाली, "आई होती तशी. बारा-पंधरा वेळा टाच आपटली. घसा फुटेस्तोवर ओरडले, बाजूची रुथमावशी दारात आली बघायला. आलं का काही ऐकू?"

तिचा चेहरा पाहवत नव्हता. या आठ दिवसांत तीही एकच गोष्ट धरून उभी होती, हे मला तेव्हा कळलं. तिला आई नव्हती, आणि बाप राहील की नाही ते माझ्या एका शब्दावर होतं.

"नाही," मी म्हणालो.

"अजिबात नाही?"

"अजिबात."

"आईची शपथ घे."

"आईची शपथ," मी म्हणालो. "काहीच ऐकू आलं नाही."

ती माझ्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली, लहान असताना रडायची तशी. "मी सांगत नव्हते? मी सांगत नव्हते तुला?" एवढंच म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मग तिने डोळे पुसले, चारही हेडफोन स्वतः खोक्यात भरले, वर चिकटपट्टी मारली. "आता हात-तोंड धू. कोबीचे रोल गरम करते. आज चार घास खायचेस, मला काही ऐकायचं नाही." जिना चढताना ती काहीतरी गुणगुणत होती. त्या घरात आठ दिवसांत कोणी गुणगुणलं नव्हतं.

मी कॉम्प्युटर उघडला. काळ्याचं पान काढलं. आवाजाच्या रकान्यातले साडेनऊ पुसले आणि दहा केले. खाली एक ओळ लिहिली, 'पुन्हा तपासलं. टप्प हा हेडफोनचा दोष नाही. चूक परीक्षकाची.' मिनिटभरात बासवाल्याचं उत्तर आलं. "वा लायल! चूक कबूल करणारा परीक्षक आजकाल मिळत नाही. म्हणून तर आम्ही तुमच्या कानांवर विश्वास ठेवतो." त्याला अंगठे पडायला लागले. मी वहीतलं पान फाडायला गेलो, आणि फाडवलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं.

वर भांड्यांचे आवाज येत होते, नळ, ओव्हनचं दार. सगळं ऐकू येत होतं, नुसत्या कानांना. मग ते थांबले. आणि बरोबर माझ्या डोक्यावर, थोडं डावीकडे, मार्गोने आईसारखी टाच आपटली. जेवायला बोलावत होती पोर.

दुसरा ठोका पडायच्या आत मी जिन्यावर होतो.