आमीच शोधलं

वामनराव सरांवर माहा भरोसा कधीच नव्हता. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे प्रमुख. लुबना अन् मी त्यांच्या हाताखाली, दोघीही कंत्राटी. लुबनाचं काम काळ्या मातीवर. वाळताना माती भेगाळायच्या आधी एक बारीक आवाज करते, कानाला न ऐकू येणारा. त्या आवाजावरून खाली ओल किती उरली ते कळते, हे तिनं शोधलं. भर उन्हात वावरात यंत्र घेऊन बसायची बापा! सर तिकडे एकदाही फिरकले नाहीत.

साल २००६. आत्महत्यांच्या बातम्या रोजच्याच, अन् वऱ्हाडात नुसत्या समित्याच समित्या. त्यातली एक, बंगलोरच्या शास्त्रज्ञांची, शेतीतले नवे शोध नोंदवायले अकोल्याले बसणार होती. शोध लुबनाच्या नावावर लागला तर तिची नोकरी पक्की. नाई तर जूनमध्ये घरी.

अन् नेमके तेव्हाच सर गोड झाले. लुबनाले 'बेटा' म्हणू लागले, अकोल्याले आम्हा दोघींले आपल्या गाडीतून नेलं.

"हा माणूस कोणाले चहा पाजत नाई. तुले काहून मिरवून राहिला वो?" मी विचारलं.

"तुले सगळेच चोर दिसतात," ती हसली.

समितीपुढे लुबना इंग्रजीत झकास बोलली. मग मराठी न कळणाऱ्या अध्यक्षांनी विचारलं, मूळ कल्पना कोणाची? ती तोंड उघडणार तेवढ्यात सरच वऱ्हाडीत म्हणाले, "सांग बेटा त्याईले, कोनं शोधलं?"

माह्या मनात पाल चुकचुकली. शिपायाशीही शुद्ध बोलणारा माणूस!

लुबना घरी उर्दूत स्वतःले 'हम' म्हणते, बाहेर 'आमी'. मोठ्यांपुढे 'मी मी' करणं तिले उद्धटपणा वाटते. "आमीच शोधलं, सर," ती लाजत म्हणाली.

सर अध्यक्षांकडे वळले. "वी," त्यांनी सांगितलं.

झालं! दोघांची नावं लागली, सरांचं वर. मी उभी राहून इंग्रजीत ओरडले की ती फक्त स्वतःबद्दल बोलते आहे. अध्यक्षांनी लुबनाकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. तिनं मान खाली घातली. असा संताप आला मले!

सभा उठल्यावर सरांना जिन्यात गाठलं. "मुद्दाम केलं ना?"

"तिनं 'आमी' म्हटलं, मी 'वी' म्हटलं. भाषांतर चुकलं असेल तर दाखव."

क्षणभर मलेच वाटलं, आपलाच संशय वाकडा का काय. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला.

"हाव, आमी निघून राहिलो," सर म्हणाले. "नाई वो, कोनी नाई संगं. एकटाच हाओ. पोरी एसटीनं येतीन."

लुबना माह्यामागंच उभी होती. तिनं ऐकलं, अन् गर्रकन वळून पायऱ्या चढू लागली.

"कुठं वो?"

"अध्यक्ष वरतीच हायेत अजून. मी सांगते त्याईले."

'मी' म्हणाली ती!

सर खालून हाका मारत होते, "बेटा, अगं लुबना बेटा!" ती थांबली नाही.