घड्याळजीच्या घरचा भाडेकरू

चिंगीला झोपवायची माझी रीत ठरलेली होती. तिला पायांवर आडवी घ्यायची, पाय हलवायचे आणि इंग्रजीच्या वर्गाला लावलेलं पुस्तक अंगाईच्या चालीवर मोठ्याने वाचायचं. मनात वाचलं की ती टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत बसे. आणि ती झोपल्यावर वाचू म्हटलं, तर तिच्याआधी माझाच डोळा लागे.

पुस्तक मात्र खऱ्या खुनांचं होतं. जुनं, गाजलेलं. एका घड्याळजीकडे तरुण भाडेकरू राहायला येतो आणि पुढे एका संध्याकाळी घड्याळजी, त्याची बायको आणि मुलगी, तिघांचाही जीव घेतो. हे मागच्या कव्हरवरच छापलेलं होतं. पण लिहिणाऱ्याला कसलीच घाई नव्हती. अर्ध्याहून जास्त पुस्तक त्या घरातल्या साध्या दिवसांचं. मुलगी घड्याळांना किल्ली देते, बायको पडदे शिवते, भाडेकरू आपला शर्ट आपण धुतो.

सासूबाई खिडकीशी बसून शिंप्याकडून आलेल्या शर्टांची काजं-बटणं करायच्या. इंग्रजी त्यांना येत नाही. चाल तेवढी कानावर पडायची.

"रोज काय गं एवढं गोड वाचतेस?" एकदा त्या म्हणाल्या. "मलाही सांग की. पोरीचेच लाड?"

मग चिंगी झोपली की त्या दिवशीचं वाचलेलं मी त्यांना सांगू लागले. जे सांगे ते खरंच सांगे, कव्हरवरचं तेवढं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सासूबाईंचा त्या भाडेकरूवर जीव जडला.

त्याला कारण होतं. माझा धाकटा दीर नोकरीसाठी परगावी एका कुटुंबात खोली घेऊन राहतो. फोनवर "बरंय" आणि "ठेवू का" यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघत नाही.

"शर्ट स्वतः धुतो म्हणालीस? कॉलर घासता येते का त्याला? आमच्या ध्यानाला येत नाही."

"तसं काही लिहिलेलं नाही, आई."

"नसेलच येत. आणि ती घड्याळजीण कधी जेवायला विचारते का?"

"रविवारी विचारते."

"बाई भली आहे हो." सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या, "त्या मुलीशी जमतंय बघ त्याचं. नाहीतर मला सांग."

मी "बघू" म्हणाले आणि चिंगीचं पांघरूण उगीचच सारखं केलं.

शेवटी ते पान आलंच. भाडेकरू किल्ली विसरलेला असतो. तो दार वाजवतो. मुलगी हसत येते आणि दार उघडते. माझी चाल तिथेच सुटली. पाय हलायचे थांबले, चिंगीने भोकाड पसरलं.

सासूबाईंनी सुई शर्टात टोचून ठेवली. "काय झालं?"

"मारलं त्याने, आई. तिघांनाही."

"कुणी?"

"भाडेकरूने."

"गोष्टच ना ती?"

"नाही. खरं घडलेलं आहे."

त्यांनी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि हे माझ्या नातीच्या कानात ओतत होतीस." चिंगीला त्यांनी माझ्या पायांवरून उचललं. दाराशी गेल्यावर मागे न वळता पुढचं बोलल्या, "माझ्याही."

त्या दिवशी घरात भांड्यांचाच काय तो आवाज झाला. उरलेलं पुस्तक मी रात्री जागून मनातच वाचून संपवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्ग होता. प्रत्येकाने पुस्तकावर बोलायचं होतं आणि त्याचे गुण धरले जाणार होते. चिंगीच्या वेळी दिवस गेले तेव्हा एकदा हा अभ्यास सुटला होता. आता सुटला असता तर पुन्हा धरायचं बळ माझ्यात नव्हतं. पण सासूबाई चिंगीला सांभाळतात म्हणून मी वर्गाला जाते, आणि आज कोणत्या तोंडाने विचारायचं? पुस्तक पिशवीत घातलं, काढलं, परत घातलं.

"जायचंय ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग उंबऱ्यात काय पाय रुतलाय?"

"पण चिंगी…"

"चिंगी कुठे पळून चालली आहे? जा तू. आणि ते पुस्तक घेऊन जा, मला नको घरात."

मी जिन्यापर्यंत पोचले तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "त्याला आई होती का गं?"

"होती. शेवटी येते. तुरुंगात भेटायला जाते त्याला."

"काय म्हणते?"

"पांघरूण देतात का, विचारते."

त्यांनी दाताने दोरा तोडला. "विचारणारच," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

वर्गातली बाकीची मुलं माझ्याहून बरीच लहान. तो कसा सापडला, कुठे चुकला, सगळं त्यांना पाठ. मीही तसंच काहीतरी तयार करून नेलं होतं. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी भलतंच बोलायला लागले. म्हटलं, आमच्या घरी एक जण हे पुस्तक ऐकत होत्या. त्याला कॉलर घासता येते का, याची त्यांना काळजी होती. मुलीशी त्याचं लग्न होईल असं त्या शेवटपर्यंत धरून चालल्या होत्या. कोणीतरी हसलं. मी म्हटलं, तिने दार उघडलं तेव्हा मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. मग कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "बसा. त्यांना माझा नमस्कार सांगा."

परत आले तर दाराबाहेरच चाल ऐकू आली. माझीच चाल, माझेच हेल, शब्द मात्र सासूबाईंचे.

"किल्ली राहिली गं घरात, चिंगूबाई. ताईने दार उघडलं. तो म्हणाला, ताई, मला करमत नाही इथे. ती म्हणाली, मग जा ना बाबा घरी. मग तो गाडीत बसला. गाडी सुटली. लांब होतं गाव…"

मी चपला काढून तिथेच उभी राहिले. कडीला हात लावला नाही, पण पिशवी भिंतीला घासली असावी.

"ये आत," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आणि हळू. आत्ताच पोचलाय तो घरी."