झाकणावरचं कुलूप

उस्तादनं चावी फिरवून फांद्यांचा भुसा करणारा चिपर बंद केला, घटकाभर कान दिला आणि झाकणाच्या खिळीकडे हात नेला. खिळीला कुलूप होतं. पितळी, कोरं करकरीत. काल ते तिथं नव्हतं.

"हे कुणी लावलं?"

"मी. चावी माझ्याकडे आहे, दादा," साडू म्हणाला आणि जागचा हलला नाही. कानांवरची टोपणं त्यानं काढून गळ्यात अडकवली. हातमोजे काढले, एकमेकांवर आपटून झटकले. बाटली उघडून पाणी प्याला. तिचं बूच पुन्हा घट्ट लावलं. निलगिरीची एक जाड फांदी चिपरच्या पत्र्याच्या तोंडात आडवी अडकून बसली होती, मागं फांद्यांचा ढीग तसाच होता, आणि हा माणूस देवळातून आल्यासारखा सावकाश चालत होता. शेवटी त्यानं इंजिनच्या पट्ट्यावरच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं, खिशातून चावी काढली आणि कुलूप उघडलं.

"मशीन माझं आणि कुलूप तुझं, हे कधीपासून?"

"साहेबांनी सांगितलंय. आता सगळ्याच मशीनना लावणार म्हणे."

 उस्तादनं झाकण उचललं, पात्यांमध्ये गुंतलेली साल कोयत्याच्या टोकानं सोडवली, पण मनात ती साल गुंतलेलीच राहिली.

इंजिन बंद झालं तरी चिपरच्या आतला ड्रम लगेच थांबत नाही. दोन माणसांच्या वजनाचं ते लोखंड, अंगावर पाती घेऊन, आपल्याच भारानं बराच वेळ फिरत राहतं. तो थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. चावी काढून खिशात ठेवा, ड्रम थांबल्याची डोळ्यांनी खात्री करा, असं मशीनवरच्या पत्र्यावर कोरलेलंच आहे. उस्ताद मात्र खात्री कानांनी करायचा. घरघर बारीक होत जाते, मग एक सुस्कारा येतो, मग काही नाही. पातं बोथट झालंय की फांदीत खिळा आहे, हेसुद्धा त्याला आवाजावरून कळे. उस्ताद हे नाव त्याला त्यामुळंच पडलं होतं. कानांवर टोपणं घालायला त्याची कधीच तयारी नसायची. "कान बांधून स्वयंपाक करतं का कुणी?" तो म्हणायचा. "उकळी कळायला नको?"

साडूला या कामावर त्यानंच आणलं होतं. बायकोची धाकटी बहीण दोन पोरं घेऊन माहेरी येऊन बसली, तेव्हा त्यानंच कंत्राटदारापुढे शब्द टाकला. साडू मेहनती निघाला, पण त्याच्या वागण्यात अलीकडं काहीतरी शिरलं होतं. बोलताना तो समोर येऊन उभा राहायचा आणि मध्येच त्याची नजर उस्तादच्या खांद्यावरून पलीकडं जायची, जशी चोरून काम करणाऱ्याची जाते. महिन्यापूर्वी झाकण उघडताना त्यानं उस्तादचा दंड धरून जोरात मागं ओढलं होतं. मधमाशी होती म्हणाला. ती मधमाशी दुसऱ्या कुणालाच दिसली नव्हती.

आणि आता कुलूप.

दुपारी दांड्याचं लक्षात आलं. चिपरच्या तोंडावर एक आडवा दांडा असतो. तो ढकलला की फांद्या आत ओढणारे रोलर जागच्या जागी थांबतात. फांदी टाकणाऱ्याची बाही अडकली, पाय घसरला, तर एवढाच एक आधार. या मशीनचा दांडा चांगला जड होता, खांदा लावून ढकलावा लागे. आज मात्र पानांची झुपकेदार फांदी नुसती घासून गेली तरी रोलर थांबत होते. उस्ताद दांडा मागं घ्यायचा, पुन्हा सुरू करायचा. दहा फांद्या गेल्या न गेल्या की पुन्हा तेच.

झाडावर चढून फांद्या उतरवणाऱ्या गड्याला सगळे खार म्हणत. तो दोरावरून खाली आला, ढीग पाहिला आणि कमरेवर हात ठेवून अगदी कानाशी येऊन बोलला. "उस्ताद, मशीनला लाजाळूची लागण झाली काय? हात लावला की मिटतंय."

"स्प्रिंग सैल केलीय कुणीतरी."

"कुणी म्हणजे? पाना तर साडूभाऊंच्याच पेटीत असतो."

खार सहज बोलून गेला. उस्तादनं साडूकडं पाहिलं. साडू फांदीचं बूड पुढं करून, बाजूला उभा राहून, अंतर राखून ती तोंडात सरकवत होता. शिकवलं होतं अगदी तसं. त्यानं मान वर केली नाही.

सगळा हिशेब आता जुळत होता. मशीन रडतखडत चालायला लागलं, की कंत्राटदार विचारणार, उस्तादला झालंय काय. मग दांडा आपोआप नीट होणार, कुलपाची चावी आधीच खिशात, आणि मशीनवर उभा राहणार साडू. आपण फांद्या ओढायच्या. ज्याला बोट धरून आणलं, त्याच्या हाताखाली.

घरी आला तेव्हा मेव्हणी आली होती. स्वयंपाकघराच्या दारातून त्याला दोघी बहिणी दिसल्या, डोकी जवळ, ओठ हलत होते. आवाज बाहेर येत नव्हता. त्यानं चपला काढल्या आणि दोघी गप्प झाल्या.

"काय चाललंय?"

"काही नाही," बायको म्हणाली. ती उठून त्याच्याजवळ आली, दंडाला हात लावला. "हातपाय धुऊन घ्या."

"मशीनबद्दल काही बोलत होतीस का गं?" त्यानं मेव्हणीला विचारलं.

मेव्हणीनं आधी बहिणीकडं पाहिलं. "नाही हो, भाऊजी. मशीनचं मला काय कळतंय."

जेवताना दोघी पुन्हा काहीतरी बोलल्या. त्याला अर्धवट कळलं. आपल्याच घरात, आपल्याच ताटावर बसून, लोक आपल्यापासून लपवून बोलायला लागले आहेत. हे आजचं नव्हतं. आठवत गेलं तसं त्याच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवस हेच चाललंय. सगळी माणसं जणू ठरवून आवाज खाली घेऊन बोलतात. बायकोसुद्धा. साडूनं घरही फितवलं होतं. त्यानं अर्धं जेवण टाकलं आणि हात धुतला.

सकाळी गोदामात कंत्राटदार एकटाच भेटला. अजून कुठलं इंजिन सुरू झालं नव्हतं. उस्तादनं सरळ विचारलं.

"साहेब, चिपरच्या झाकणाला कुलूप लावायला तुम्ही सांगितलंत?"

"कुलूप? कुठलं कुलूप?"

"मशीनना लावणार आहात म्हणे."

"मला तरी ठाऊक नाही." कंत्राटदारानं कपाळाला आठ्या घातल्या. "का? काही भानगड आहे का?"

"संध्याकाळी साइटवर या. तिथंच सांगतो."

खोटं पकडलं होतं. आता फक्त चारचौघांत समोर ठेवायचं बाकी होतं. उस्ताद गाडीत साडूशेजारी बसला, पण साइट येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिला. साडूनं काही विचारलं असावं. त्यानं लक्ष दिलं नाही.

काम शाळेमागच्या गल्लीत होतं, वठलेल्या झाडांची रांग उतरवायची होती. चिपर गल्लीच्या तोंडाशी लावला होता. जेवणाच्या सुट्टीआधी एक वेडीवाकडी फांदी आत अडकली, रोलर करकरून थांबले. साडू तेव्हा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, आत घुसू पाहणारा टेम्पो मागं घ्यायला लावत होता. खार झाडावर होता.

साडूचं जाकीट गाडीच्या दाराला टांगलेलं होतं. उस्तादनं खिशात हात घातला. चावी तिथंच होती.

त्यानं इंजिन बंद केलं, मशीनची चावी काढून मुठीत धरली आणि उभा राहून कान दिला. नेहमीसारखंच. काही नाही. एवढंसं काम, आणि त्यासाठी कुलपं, किल्ल्या, नाटकं. त्यानं पितळी कुलूप उघडून खिशात टाकलं, खिळी काढली आणि झाकण उचलायला डावा तळहात पत्र्यावर टेकला.

पत्रा थरथरत होता.

त्याला आधी वाटलं, इंजिन बंद झालेलं नाही. पण चावी तर मुठीत होती. त्यानं हात तसाच ठेवला. तळहातातून कोपरापर्यंत बारीक झिणझिण्या चढत होत्या. वाकून त्यानं पट्ट्याच्या जाळीतून आत पाहिलं. ड्रमला जोडलेली पुली फिरत होती. इतक्या वेगानं, की तिचे आरे दिसत नव्हते, नुसता करडा धूसर गोल दिसत होता.

आणि आवाज नव्हता.

त्यानं हात मागं घेतला. डोकं जाळीला टेकवण्याइतकं जवळ नेलं. पुली फिरत राहिली. हळूहळू आरे दिसू लागले, मग एकेक मोजता येण्याजोगा झाला, मग त्यांनी एक शेवटचा फेरा घेतला आणि ती उभी राहिली. घरघर बारीक झाली नव्हती. सुस्काराही आला नव्हता. सगळं अगदी तसंच होतं, जसं ती जोरात फिरत असताना होतं.

मान वर केली तेव्हा समोर साडू उभा होता. धावत आला असावा, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तोंड उघडं होतं. गळ्याच्या शिरा अजून ताठ होत्या. झाडावरून खारसुद्धा दोर धरून खाली बघत होता, आणि कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. साडूनं एकदाच हाक मारली असावी, असं कुणाच्याच चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

उस्तादनं खिळी परत घातली, कुलूप लावलं आणि चावी साडूच्या हातावर ठेवली.

"कधीपासून?"

साडू नेहमीसारखा अगदी समोर आला. "बागेच्या कामाला माझी बाही ओढली गेली होती. आठवतंय?"

"बाही फाटलेली बघितली होती मी."

"मी ओरडलो होतो, दादा. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होता. दांड्याला खांदा लागेना, तशी बाहीच फाडून सुटलो."

"म्हणून सैल केलास."

"पोटरी लागली तरी थांबावा म्हणून."

"आणि मधमाशी?"

"ड्रम फिरत होता. झाकण बोटभर उचललं होतंत तुम्ही."

उस्ताद फांद्यांच्या ढिगावर टेकला. थोडा वेळ तो आपल्या डाव्या हाताच्या बोटांची उघडझाप करत राहिला.

"मला बोलला का नाहीस?"

"बोललो की. त्याच दिवशी," साडू म्हणाला. "चारदा बोललो. तुम्ही म्हणालात, हो, उद्या बघू."

त्याला हसू यायला हवं होतं. "घरी कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"ताईंनीच आधी ओळखलं. आमच्या हिनं नंतर." साडूनं चावी खिशात टाकली. "मशीन गेलं की तुम्ही काय करणार, हा प्रश्न होता. तुम्ही काही फांद्या ओढणाऱ्यांतले नाही. म्हटलं, जमेल तेवढं सांभाळू. डॉक्टरकडं न्यायचं ताईंच्या मनात आहे, पण तुमच्यापुढं कोण बोलणार?"

बागेच्या कामाला किती महिने झाले, याचा उस्ताद विचार करू लागला. तेव्हापासून रोज हा माणूस त्या तोंडापुढं उभा राहून फांद्या सारत होता. त्याच्या पाठीशी मशीनवर असा एक जण होता, ज्याला त्याची हाक पोहोचत नव्हती. आणि हे त्या दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

साडूची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेली.

उस्ताद वळला. कंत्राटदार संध्याकाळची वाट न पाहताच आला होता. त्याची मोटारसायकल सुरूच होती, एक पाय जमिनीवर टेकलेला. मिशीखाली ओठ हलत होते. मोठ्या रस्त्याचं काहीतरी. सोमवार. तुम्ही. बाकीचं फटफटीच्या धुरासारखं विरून गेलं. कंत्राटदारानं बोलणं संपवलं आणि उत्तरासाठी भुवया उंचावल्या. कुलपाची त्याला आठवणही दिसत नव्हती.

कंत्राटदाराच्या मागच्या बाजूला सरकून साडूनं मान किंचित हलवली. हो म्हणा.

एवढंच करायचं होतं. हो म्हणायचं, आणि सोमवारी मोठ्या रस्त्यावर मशीनवर उभं राहायचं. साडू फांद्या टाकणार होता.

"साहेब," उस्ताद म्हणाला, "तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही."

साडूची मान हलायची थांबली. कंत्राटदारानं हसून मोटारसायकल बंद केली आणि तेच पुन्हा, चांगलं मोठ्यानं सांगितलं.

उस्ताद त्याच्या तोंडाकडं नीट पाहत उभा होता.

"अजून नाही," तो म्हणाला.