कुणालाच न सापडणारे पान

मित्रांनो, मी एक जुने वेबपान आहे. जुने म्हणजे तीन वर्षांचे. आमच्यात एवढ्यात म्हातारपण येते.

माझा मालक प्रोग्रामर. त्याच्या आईला ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्याने बोललेले लगेच फोनवर लिहून दाखवणारे ॲप बनवले. ते सगळ्यांना फुकट मिळावे म्हणून मला जन्माला घातले. माझ्या कपाळावर त्याने ठळक अक्षरांत लिहिले : ‘बहुभाषिक ध्वनि-प्रतिलेखन प्रणाली’. वाचून मलाच माझी भीती वाटली.

शोधयंत्राचा, म्हणजे सर्च इंजिनचा, दूत अधूनमधून येई. काय सांगू त्याची थोरवी! तो दार वाजवत नाही, चहा घेत नाही. जगभरातली पाने वाचत फिरतो, आणि कुणी काही विचारले की कोणाला पुढे उभे करायचे हे पापणी लवायच्या आत ठरते. त्याच्यापुढे मी श्वास रोखून धरी. पण माझी जागा नेहमी शेवटच्या रांगेत.

मग मालकाने युक्ती लढवली. माझ्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सर्वोत्तम ॲप’ हे शब्द ओळीने भरले. माणसांना ते दिसले नाहीत, दूताला दिसले. असली लबाडी त्याला खपत नाही; मी आणखी मागे गेले.

ॲपच्या कामातल्या मालकाच्या भागीदार मित्राने शेवटचे सांगितले, “महिनाअखेर कुणी फिरकलं नाही तर गाशा गुंडाळू. पानासकट.”

त्याच आठवड्यात मालकाची ताई आली. ती दातांची डॉक्टर. जेवणाच्या टेबलावर तिने मला शोधायला घेतले.

“अजून खाली जा ना, ताई. सापडेल.”

“किती खाली? आता पाताळ लागेल! अरे, आईला ऐकू येत नाही, हे लिहिलंयस कुठे?”

“ते कशाला? तांत्रिक पान आहे.”

“हो का? कान काय फक्त इंजिनिअरांचेच जातात?”

मालकाने तळाची पांढरी अक्षरे पुसली आणि कपाळावर लिहिले : ‘घरात कुणाला ऐकू येत नाही? तुम्ही बोला, फोन लिहून दाखवेल.’

दूत येऊन वाचून गेला. आणि मित्रांनो, महिना संपायच्या आत माणसे येऊ लागली! काय शोधत ती माझ्यापर्यंत पोचली, ते शब्दही शोधयंत्राने कळवले. मी थक्क झाले. कुणीही ‘प्रणाली’ मागितली नव्हती. ‘आजी फोन उचलते पण बोलत नाही.’ ‘नवऱ्याला ऐकू येत नाही, ओरडून घसा बसला.’ कुठल्या कुठल्या घरांतली माणसे, आणि एका यंत्रापाशी मन मोकळे करत होती!

मालक टेबलापाशी एकेक मोठ्याने वाचू लागला. आईसमोरच्या फोनवर अक्षरे उमटत होती.

“‘बाबा सगळ्यांबरोबर हसतात, पण त्यांना काही ऐकू आलेलं नसतं.’”

आईने चष्मा सावरून ते वाचले. “मीही तसंच करते रे,” ती म्हणाली.

गाशा गुंडाळायचे पुन्हा कुणी काढले नाही.

मित्रांनो, पान लिहाल तेव्हा आपली हुशारी मागून सांगा. आधी येणाऱ्याची अडचण त्याच्याच शब्दांत लिहा. आणि तुमच्या घरात कुणी सगळ्यांबरोबर नुसतेच हसत असेल, तर तोंडासमोर बसून, सावकाश, तो विनोद पुन्हा सांगा.